न पडलेला डाग

१

आकडा खोटं बोलतोय, हे चाळणीला तो ऐकतानाच कळलं. कुणाच्या सांगण्यावरून बोलतोय, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

चाळणी म्हणजे प्रत्यारोपण विभागातली फार्मासिस्ट. विभागात येणारं प्रत्येक औषध आधी तिच्या हातून चाळलं जायचं आणि मगच खाटेपर्यंत पोचायचं, म्हणून कुणीतरी चेष्टेने हे नाव ठेवलं होतं आणि तिने ते हसत पत्करलं होतं. घरी पाळण्यातलं पोर होतं, त्यामुळे झोप तिच्या वाट्याला चिमटीचिमटीने यायची. पण झोप गळून गेली तरी शंका मात्र तिच्यात अडकून राहायची.

आजची शंका काचेपलीकडच्या खोलीतल्या टेलरबाईची होती. टेलरबाईच्या हाडांच्या आत रक्त तयार करणारा जो कारखाना असतो, तो बिघडला होता. आधी कडक औषधाने तो पुरता रिकामा करायचा आणि मग तिच्या भावाच्या मूळपेशी तिथे पेरायच्या, असं ठरलं होतं. रिकामं करणारं हे औषध मोठं लहरी. कमी पडलं तर आजार तळाशी दबा धरून बसतो आणि उलटून येतो. जास्त झालं तर यकृतच निकामी करतं. म्हणून सकाळी चाचणीपुरतं थोडं औषध दिलं होतं, आणि त्यानंतर ठरावीक अंतराने तीनदा रक्त काढलं होतं. शरीर औषध किती लवकर बाहेर टाकतं ते एकदा कळलं, की खरा डोस त्या मापाने कापायचा.

दुपारी लॅबचा फोन आला. शरीरात अपेक्षेच्या दुप्पट औषध राहिलं होतं.

"निम्मा करा," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाईला लहानपणी जबर कावीळ झाली होती, तेव्हाचे व्रण यकृतावर आहेत. असं यकृत औषध हळू काढतं. आकडा तेच सांगतोय.

चाळणी म्हणाली, यकृताची दुसरी बाजूही ऐकायला हवी. टेलरबाईला फिट यायच्या. त्यासाठी ती वर्षानुवर्षं जी गोळी घेत होती ती यकृताला पळायला लावते. गेल्या आठवड्यातच ती बंद करून दुसरी सुरू केली होती, पण गोळी सुटली तरी यकृताची पळायची सवय लगेच सुटत नाही. म्हणजे औषध उलट लवकर जायला हवं होतं.

"एक आजार मागे ओढतो, एक पुढे ढकलतो," डॉक्टर म्हणाले. "दोघांच्या भांडणात कोण जिंकलं ते आकड्याने सांगितलं. तुमचा तर्क, माझा तर्क, दोन्ही ठेवा बाजूला."

"आकड्यावर माझा राग नाही, सर. पण तो एवढा एकतर्फी कसा जिंकला, ते बघू द्या."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन अजून जिन्यावर होतं. दिवेलागणीला मिश्रणखोलीत डोस कळवावाच लागणार होता, सकाळी पिशवी लागायची होती. तोवर शोधा, ते म्हणाले. नाही सापडलं तर निम्मा.

चाळणीने मान हलवली. निम्मा डोस चुकीचा असेल तर काचेपलीकडची बाई आज वाचल्यासारखी दिसेल आणि वर्षभरात आजार परत येईल. पूर्ण डोस चुकीचा असेल तर वर्षाची वाटही बघावी लागणार नाही.

२

पहिला संशयित थेंबकाका. मिश्रणखोलीचा कारभार त्यांचा. एक थेंब सांडला तरी त्यांच्या चेहऱ्यावर सुतक दिसायचं, म्हणून हे नाव.

मिश्रणखोलीत बाहेरच्याला मज्जाव होता, म्हणून बोलणं भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून चाललं. पलीकडे टोपी, मास्क आणि त्यांच्या मधोमध दोन नाराज डोळे. चाळणीने आडवळण न घेता विचारलं, की सकाळच्या पिशवीत चुकून दुप्पट औषध पडलं असेल का.

"मॅडम, घरी चहात साखर दुप्पट पडते माझ्या हातून. बायको रोज ओरडते. इथे नाही."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, जणू चाळणी आजच कामाला लागली होती. पिशवी भरण्याआधी काट्यावर, भरल्यावर काट्यावर. रिकाम्या बाटल्या बाजूला, दुसऱ्याने त्या पाहिल्याशिवाय कचऱ्यात नाहीत. आजच्या बाटल्या अजून तिथेच उभ्या होत्या; काकांनी एकेक उचलून झरोक्यापुढे धरली. हिशेब चोख होता.

चाळणी आभार मानून वळली, तसे काका मागून म्हणाले, की एक सांगू का, लहान तोंडी मोठा घास. त्यांच्या हातून दुप्पट पडलं असतं तर पहिल्याच रक्ताने बोंब मारली असती. पहिलं रक्त काय म्हणतंय?

चाळणी थांबली. तिला तरी कुठे माहीत होतं? लॅबने तिन्ही नमुन्यांचा मिळून एकच आकडा कळवला होता. यंत्र आधी गोळाबेरीज सांगतं. सुटे आकडे मागितले तर मिळतात. तिने तिथूनच फोन लावला. लॅबवाली म्हणाली, यंत्र दुसऱ्या कामात आहे, मोकळं झालं की सुटे करून सांगते.

फोन ठेवते न ठेवते तोच तो परत वाजला. वॉर्डातून फुंकर सिस्टर बोलत होती. ही वॉर्डातली सगळ्यात हलक्या हाताची नर्स. तिने सुई टोचली की फुंकर घातल्यासारखं वाटतं, असं रोगी म्हणायचे.

"खोलीत या," ती हळूच म्हणाली. "टेलरबाईंच्या सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत चष्मा नाहीये."

३

काचेच्या खोलीत जायचं म्हणजे कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगभर झगा चढवायचा, तोंड बांधायचं. हे सगळं करून चाळणी आत गेली तेव्हा टेलरबाई उशीला टेकून बसली होती. डोक्यावरचे केस तिने दाखल व्हायच्या आधीच स्वतःच्या कात्रीने उतरवले होते. दुसऱ्याच्या हातची कात्री मला सोसत नाही, असं तिचं म्हणणं.

"तुमच्या एप्रनचा डावा खांदा उतरलाय," तिने पहिल्याच दिवशी चाळणीला सांगितलं होतं. आजही नजर आधी तिकडेच गेली. "बाहेर आले की आधी तो उसवते. वाढवायला कापडाची माया ठेवलीय का आत, की कंजुषी केलीय कापणाऱ्याने?"

छातीत बसवलेल्या नळीची दोन तोंडं झग्याच्या गळ्यातून बाहेर आली होती. एका तोंडातून सलाइन अखंड चालू होतं. दुसऱ्यातून सकाळी औषध गेलं होतं; आता ते टोपण लावून मिटलेलं होतं. बाह्या दुमडलेल्या होत्या, कारण औषधाची पातळी बघायचं रक्त नळीतून घ्यायचं नाही, दर वेळी हाताच्या शिरेत नव्याने टोचूनच घ्यायचं, असा विभागाचा नियम. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट आजाराने पार तळाला गेलेल्या, त्यामुळे साधा धक्का लागला तरी तिची कातडी काळीनिळी व्हायची. डाव्या कोपराच्या खळगीत एक ताजा जांभळा डाग होता, उजव्या खळगीत एक. आणि मनगटावर चार फिकट, हिरवट ठिपके.

"हे कशाचे?"

टेलरबाई हसली. ते बटणचे होते. बटण म्हणजे तिची मुलगी, सहा वर्षांची. आई खोलीत जायच्या आधी तिने मनगट असं घट्ट धरलं, की बापाला बोटं एकेक करून सोडवावी लागली. "चार बोटं उमटली. अंगठा मागच्या बाजूला आहे. जाऊ नयेत असं वाटतंय मला."

कोपऱ्यात सासूबाई बसल्या होत्या. सुनेसोबत आत राहायला त्याच तयार झाल्या होत्या. मुलाने बाहेर नातीला सांभाळायचं आणि त्यांनी आत सुनेला, अशी वाटणी. त्यांच्या हातात चष्म्याची डबी होती आणि ती त्या दोन्ही हातांनी धरून होत्या.

चाळणीने त्यांना काकू म्हटलं, शेजारी बसली, आणि डबीविषयी काही न विचारता विचारलं, की काल झोप लागली का. काकूंनी थोडा वेळ तग धरला. मग डबी आपणहून उघडली. आत डोकेदुखीच्या साध्या गोळ्यांची पट्टी होती, एक घर फुटलेलं.

काल रात्री सुनेचं डोकं फार दुखत होतं. बेल वाजवते म्हणाल्या तर सून नको म्हणाली, सिस्टर दमल्यात. मग काकूंनी आपल्याकडची गोळी दिली. घरी नेहमी देतो, तीच.

"अहो आई, तुम्ही कशाला घाबरता? मी मागितली, मी घेतली," टेलरबाई म्हणाली.

"तू गप गं. तुला काय कळतं दुखण्यात. मी मोठी आहे ना, शिव्या मी खाईन."

शिव्या कुणीच दिल्या नाहीत. पण चाळणीने पट्टी हातात घेऊन गोळीचं नाव पुन्हा वाचलं. ही साधी गोळी आणि ते कडक औषध, दोघांना यकृतात एकाच दारातून बाहेर पडायचं असतं. दारात एक उभी असेल तर दुसरं खोळंबतं. म्हणूनच त्या काळात ती गोळी बंद असते.

आकडा का फुगला, त्याचं उत्तर चष्म्याच्या डबीत निघालं होतं.

४

मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीला टेकले. सापडलं, म्हणाले. यकृत आधीच अधू, वर ही गोळी. तरी ते शहाण्यासारखे बोलले: काकूंना कुणी काही बोलायचं नाही, आणि डोस निम्मा.

चाळणी दारातच उभी राहिली. उत्तर सापडलं होतं आणि तरी तिला आनंद होत नव्हता. बाळाला झोपवून खोलीबाहेर पडावं आणि पाय आपोआप दारातच थबकावेत, तसं काहीसं. आत सगळं शांत आहे, पण झोपलेलं नाही.

एका गोळीने पातळी थोडी वाढली असती. दुप्पट?

"एका गोळीने नाही. पण यकृतही आहे ना सोबत," डॉक्टर म्हणाले. "चाळणीबाई, कधीकधी दोन लहान चोर मिळून एक मोठी चोरी करतात."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लॅबवाली सुटे आकडे सांगत होती. पहिला नमुना, औषध संपताच घेतलेला. दुसरा, त्यानंतरचा. तिसरा, सगळ्यात शेवटचा. चाळणीने ते ऐकले, परत सांगायला लावले, आणि मग फोन डॉक्टरांच्या टेबलावर उताणा ठेवून लॅबवालीला मोठ्याने म्हणायला सांगितलं.

पहिला आकडा चाळणीला वाटला होता तेवढाच होता. दुसरा खाली उतरला होता, चांगलाच. आणि तिसरा वर चढला होता. दुसऱ्याच्या वर, एवढंच नाही, पहिल्याच्याही वर.

"नळ बंद केल्यावर बादली भरत नाही, सर," चाळणी म्हणाली.

डॉक्टरांनी तिन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. पिशवीत दुप्पट औषध असतं तर तिन्ही आकडे फुगले असते. यकृत हळू असतं किंवा काकूंची गोळी आड आली असती, तर आकडे हळूहळू उतरले असते. पण उतरलेच असते. औषध देणं थांबल्यावर शरीरातलं औषध वाढत नाही. तीनही संशयित एका वाक्यात सुटले.

डॉक्टरांनी विचारलं, नळकांडी बदलली असतील? पहिल्याच्या जागी तिसरं? चाळणीने मान हलवली. नाही, औषध संपतं त्या क्षणी पातळी सगळ्यात उंच असते, आणि ते उंच टोक किती असावं ते दिलेल्या औषधावरूनच कळतं. पहिला आकडा तिथेच होता. तिसरा त्या टोकाच्याही वर. तो टेलरबाईच्या शरीरातून आलेलाच नव्हता.

"मग कुठून आला?"

"रक्त तिचंच आहे," चाळणी म्हणाली. "औषध तिच्या रक्तातलं नाही."

५

परत खोलीत जायचं म्हणून ती बेसिनपाशी आली. साबण, पाणी, बोटांच्या बेचक्या, मनगट, मग वर कोपरापर्यंत. विभागात दिवसातून इतक्यांदा हे व्हायचं की हात आपले आपणच धुतले जायचे. आज मात्र फेस कोपराच्या खळगीत पोचला आणि तिचा हात थांबला.

डाव्या खळगीत एक डाग. उजव्या खळगीत एक.

रक्त तीनदा काढलं होतं.

शेजारच्या नळावर फुंकर सिस्टर हात धुवायला आली. ड्यूटी संपत आली होती, तोंडावर थकवा होता, पण हात नेहमीसारखे शांत. चाळणीने नळ बंद केला नाही. पाण्याच्या आवाजात बोलणं सोपं जातं. तिने विचारलं, आजचे तिन्ही नमुने कुणी घेतले. सिस्टर म्हणाली, मीच. नियमाने? सिस्टर म्हणाली, हो, वेळेवर, एक मिनिट इकडेतिकडे नाही.

"वेळेचं नाही विचारत मी, ताई. तुमचा हात हलका आहे, सगळ्यांना माहितीय. पण त्या बाईच्या अंगावर पोरीची बोटं उमटतात. तुमच्या दोन सुया उमटल्या. तिसरी का नाही उमटली?"

पाणी वाहत राहिलं. सिस्टरने दोनदा धुतलेले हात तिसऱ्यांदा धुतले.

मग तिने सांगितलं. तिसरं रक्त नळीतून घेतलं. एका तोंडातून सलाइन चालू होतं, ते तोडायचं नव्हतं, म्हणून दुसऱ्या तोंडातून. सकाळी औषध गेलं होतं त्याच. पण आधी नळी भरपूर धुतली होती. पहिलं रक्त टाकूनही दिलं. स्वच्छ होती ती नळी, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

चाळणीला तिचं पटलं. डोळ्यांना ती स्वच्छच दिसणार. पण हे औषध नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून राहतं, कितीही धुवा, आणि ओढलेल्या रक्तात हळूच उतरतं. पातळीसाठी नवं टोचायचा नियम त्याचसाठी होता. इतर सगळ्या तपासण्यांचं रक्त नळीतून रोज घेतात, काही बिघडत नाही. हाताला वळण तेच पडलेलं.

"पण तुम्ही वळणाने नाही घेतलं," चाळणी म्हणाली. "आधी दोनदा टोचलंत, म्हणजे नियम लक्षात होता. तिसऱ्या वेळी काय झालं?"

फुंकर सिस्टरने नळ बंद केला. एकदम शांत झालं.

"ते मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मला काय बोलायचं ते बोला."

६

सांगितलं टेलरबाईनेच. चाळणी आत आली आणि खाटेच्या कडेला उभी राहून नुसती तिच्या कोपरांकडे पाहू लागली, एवढ्याने पुरलं. शिवणकाम करणाऱ्या बाईला नजर कुठल्या टाक्यावर अडकली ते चटकन कळतं.

"ताईंना काही म्हणू नका. मी हात जोडले होते."

दुपारी बटण बापाबरोबर काचेशी आली होती. काचेला नाक लावून, उलटेसुलटे बूट घालून. तिने आईच्या हातावरचे दोन डाग पाहिले आणि तिचं तोंड पडलं. काचेच्या दोन्ही बाजूंना बोलायचा फोन असतो. त्यातून तिने विचारलं, हे आपल्यामुळे झालं का? आपण तेव्हा हात जोरात धरला म्हणून? आई नाही म्हणाली तरी पोरीचा विश्वास बसेना. दुखतंय का, अजून टोचणार का, कधी. टेलरबाईच्या तोंडून निघून गेलं, की आता एकही सुई नाही, वचन.

आणि पाठोपाठ फुंकर सिस्टर सुई घेऊन आत आली. पोर काचेला चिकटलेली, डोळे आईच्या हातावर. टेलरबाईने पाठ फिरवून सिस्टरला हळूच विनवलं: नळी आहे ना ताई, त्यातून घ्या. ती बघतेय.

"तेवढंच," टेलरबाई म्हणाली. "मला वाटलं, रक्त ते रक्त. कुठूनही काढलं तरी माझंच."

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, आता कळलं मला, काल हिला बेल का नको होती आणि आज सुई का नको होती. या घरात सगळे एकमेकांना जपतात आणि औषधाला कुणी जपत नाही.

चाळणीला हसू आलं. सकाळी पोर रडत असताना, लगेच येते हं, असं खोटं सांगून तीही घरून निघाली होती. वचनांचं हेच असतं. ती पोराच्या मापाने कापलेली असतात, दिवसाला मात्र आखूड पडतात.

मग तिने टेलरबाईला सगळं उलगडून सांगितलं. त्या तिसऱ्या आकड्यामुळे यकृत हळू आहे असं वाटलं. त्यामुळे औषध निम्मं होणार होतं. निम्म्या औषधाने काय झालं असतं तेही सांगितलं, काही न लपवता.

टेलरबाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच्या मापाने माझं कापड कापणार होते."

"नळीच्या मापाने."

"आता?"

आता काय करायचं ते चाळणीने येतानाच डॉक्टरांशी बोलून ठरवलं होतं. तर्क कितीही नीट बसला तरी तर्कावर डोस देता येत नाही. अजून एक नमुना हवा, आत्ता, हाताच्या शिरेतून. औषध देऊन बरेच तास झाले होते. यकृत खरंच हळू असेल तर अजून बरंचसं औषध रक्तात सापडेल. ते पळणारं असेल तर जेमतेम काही उरलं असेल. चौथं माप बाकीच्यांचा न्याय करणार होतं.

काचेपलीकडे हालचाल झाली. संध्याकाळच्या भेटीची वेळ झाली होती. बापाच्या कडेवरून उतरून बटण धावत काचेशी आली आणि दुपारच्याच जागी नाक लावलं. दुपारचा ठसा तिथे अजून होता.

"पडदा ओढू का?" चाळणीने विचारलं.

टेलरबाईने क्षणभर पोरीकडे पाहिलं. मग काचेचा फोन मागितला.

७

तिने फार काही सांगितलं नाही. म्हणाली, बटण, दुपारी आईने एक वचन दिलं ना, ते आईने न मोजता दिलं. एक सुई राहिलीय. ती घेतली नाही तर औषध चुकेल.

बटणने विचार केला. "मग ते कच्चं होतं का? टाचणीवालं?"

घरी कपडे आधी टाचण्या लावून अंगावर घालून बघायचे, मग पक्की शिवण. टाचणीवालं म्हणजे अजून बदलता येतं.

"हो," टेलरबाई म्हणाली. "टाचणीवालं होतं."

"मग ठीकाय. पण मी बघणार."

फुंकर सिस्टर दाराशीच उभी होती, ड्यूटी संपली असूनही. चाळणीने तिच्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. सिस्टर आत आली. तिने डाव्या हाताची नवी जागा शोधली, बोटाने चाचपली, आणि टोचलं. काचेपलीकडे बटणने स्वतःचा हात काचेवर दाबून धरला होता आणि डोळे उघडे ठेवले होते. नळकांडं भरलं. चाळणी ते स्वतः हातात घेऊन जिना उतरली. असं ती कधी करत नसे.

लॅबमध्ये वाट बघताना मोठे डॉक्टर तिच्या शेजारी येऊन बसले.  बाहेर दिवे लागत होते. मिश्रणखोलीतून थेंबकाकांचा निरोप आला होता, की डोस कळवा, टोपी घालून बसलोय.

लॅबवालीने दार उघडलं. चौथ्या नमुन्यात औषध जवळजवळ नव्हतंच.

चाळणीने नळीवालं रक्त बाजूला टाकलं आणि हाताच्या तीन नमुन्यांवर पुन्हा हिशेब मांडला. डॉक्टर खांद्यावरून बघत होते. काविळीचे व्रण होते, काकूंची गोळी होती, सगळं होतं. पण फिटच्या जुन्या गोळीने पळायला शिकलेलं यकृत अजून पळत होतं. टेलरबाईचं शरीर औषध हळू टाकत नव्हतं. नेहमीपेक्षा जरा लवकरच टाकत होतं.

"म्हणजे निम्मा नाही," डॉक्टर म्हणाले.

"पूर्णही नाही, सर. थोडा वाढवायला हवा."

डॉक्टरांनी हिशेब स्वतः पुन्हा केला, जसा करायलाच हवा होता. तेच उत्तर आलं. त्यांनी मिश्रणखोलीला फोन लावला, आणि डोस सांगून झाल्यावर काकांना म्हणाले, की दुपारी तुमच्यावर संशय घेतला होता, बरं का. काका काय म्हणाले ते चाळणीला ऐकू आलं नाही, पण डॉक्टर मोठ्याने हसले आणि घरच्या चहाबद्दल काहीतरी बोलले.

दुसऱ्या दिवसापासून नियमाला एक शेपूट जोडलं गेलं: पातळीचं रक्त घ्यायच्या दिवशी, औषध गेलेल्या तोंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची. ही कल्पना फुंकर सिस्टरची. पट्ट्या टेलरबाईने बसल्या बसल्या कापून दिल्या, सगळ्या एका मापाच्या.

सकाळी पिशवी लागली. पुढचे आठवडे सोपे नव्हते. तोंड आलं, ताप आला, सासूबाईंनी डबीत खरोखरचा चष्मा ठेवायला सुरुवात केली. पण यकृत शाबूत राहिलं, आणि भावाच्या पेशींनी मूळ धरलं.

ज्या दिवशी टेलरबाई काचेतून बाहेर आली, त्या दिवशी चाळणी एप्रन काढून हातावर घेऊनच उभी होती. पण एप्रनची पाळी नंतर आली. आधी बटण आली. तिने आईचं मनगट दोन्ही हातांनी असं धरलं, की बाप पुढे झाला आणि थांबला. कुणी बोटं सोडवली नाहीत.

बऱ्याच वेळाने तिने आपणहूनच सोडलं आणि मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. वरून चार बोटं, खालून अंगठा. जागा लाल झाली, मग गुलाबी झाली, मग नुसती कातडी राहिली.

बटणने वाट पाहिली. डाग पडला नाही.